वहीतली गाडी

यंदाच्या श्रावणात एका नातेवाइकांकडे सत्यनारायणाला गेलो होतो. त्यांची सोसायटी नवी, चौदा मजली, आणि फाटकावर निळ्या गणवेशातला रखवालदार लांबट वही घेऊन उभा होता. पाऊस बारीक पडत होता म्हणून मी काच अर्धीच खाली केली आणि नाव, कुणाकडे जायचे, मोबाइल नंबर अशी उत्तरे देत गेलो. "गाडी नंबर?" असे त्याने विचारले, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच शेजारी बसलेल्या अण्णांनी, सकाळी जेवलो की नाही हे ज्यांना हल्ली संध्याकाळी आठवत नाही त्या अण्णांनी, तीन अक्षरे आणि त्यांच्यामागे चार आकडे असा नंबर खणखणीत आवाजात सांगून टाकला. रखवालदाराने तो मुकाट्याने लिहून घेतला. समोरच्या पाटीकडे पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही. शेवटचे चार आकडे ४७१३. तो आमच्या फियाटचा नंबर होता आणि ती गाडी आम्ही १९९७ साली विकली होती.

मी दुरुस्ती केली नाही.

करायला हवी होती, हे खरे. पण अण्णांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी एखादे काम बिनचूक पार पाडल्याचे समाधान दिसत होते, आणि मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पूजा झाली, जेवणे झाली. रात्री साडेनऊला निघालो तेव्हा रखवालदार बदललेला होता आणि त्याने काहीही न विचारता दांडा वर केला. म्हणजे त्या वहीत आमची फियाट संध्याकाळी सहाच्या सुमाराला आत आलेली आहे, आणि बाहेर पडल्याचा रकाना कोरा आहे. घरी पोहोचेपर्यंत तो कोरा रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे काही दिवस दाढी करताना, सिग्नलला थांबलेलो असताना, ऑफिसात कुणाचे तरी म्हणणे ऐकल्यासारखे करत असताना मधेच तो नंबर मनात उमटे, तोही अण्णांच्या आवाजात. आणि त्याच्यामागून सत्तावीस वर्षांत मला एकदाही न पडलेला प्रश्न येई, की त्या गाडीचे पुढे झाले काय.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने जी गाडी तयार होत असे तीच ही. इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. नाव बदलले, लोकांची जीभ बदलली नाही. अण्णांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, आणि मार्च १९७८ मध्ये ती दारात आली तेव्हा पुढच्या सलग सीटवर आई आणि अण्णा यांच्यामध्ये उभे राहून काचेबाहेर पाहण्याइतका मी मोठा झालो होतो. रंग फिकट आकाशी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर असल्यामुळे पायांत काही नसे आणि पुढे तिघे आरामात मावत. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि आजीच्या निलगिरीच्या तेलाचा असा एक मिश्र वास तिला होता. पुढची तिकोनी काच जराशी तिरकी केली की वारा थेट नाकावर येई आणि बोलणे बंद पडे. आजी ती काच मुद्दाम उघडायला लावी, असा माझा जुना संशय आहे.

दर मे महिन्यात आम्ही गावी जात असू आणि दर मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात, एका ठराविक वळणानंतर, गाडी थांबे. यात गाडीचा दोष किती आणि आमचा किती हे आता सांगता येते. वर्षभर आम्ही रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी ओतत आलो होतो आणि त्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या निम्म्या बुजल्या होत्या. त्या काळातल्या गाड्यांचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला असे. इंजिन तापले की पंप तापे, नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि मग पंप नुसती वाफ ओढत राही. त्यावर उपाय एकच होता. अण्णा बॉनेट उघडत, पिवळा फडका पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळत आणि दगडावर बसून पान लावत. फडका सुकला की पुन्हा भिजवत. शेजारून एस.टी. आचके देत वर चढत असे, तिच्यातली माणसे आमच्याकडे पाहत असत, आणि मी दुसरीकडे पाहत असे. अण्णांना तशी घाई कधीच नव्हती. आठ माणसे, दोन ट्रंका आणि एक सतरंजी घेऊन १०८९ सीसीचे ते इंजिन घाट चढते आहे, याचे त्यांना जे कौतुक होते त्यात मधल्या अर्ध्या तासाच्या मुक्कामाने काही उणे होत नसे.

माझे दुसरीकडे पाहणे वाढत गेले. महाविद्यालयात असताना अण्णा कधी सोडायला आले, तर मी त्यांना चौकातच थांबायला सांगत असे. मित्रांकडे मारुती होत्या, काचा आवाज न करता वर-खाली होणाऱ्या. आमच्या गाडीचे डावे दार तर उचलून धरल्याशिवाय लागत नसे. "ही डबडी विका आता," हे वाक्य मी जेवताना, अण्णांच्या पानात आमटी वाढली जात असताना म्हटले होते, हे मला स्वच्छ आठवते. कुणी काही बोलले नाही. दोन महिन्यांनी साताऱ्याचे एक ड्रायव्हिंग स्कूलवाले गृहस्थ येऊन गाडी घेऊन गेले. अण्णांनी त्यांना तिच्याबद्दल सगळे सांगितले: चोक थंडीतसुद्धा अर्ध्याच्या वर ओढायचा नाही, रिव्हर्स टाकताना आधी क्षणभर न्यूट्रलला थांबायचे, आठ दिवसांहून जास्त उभी ठेवायची असली तर बॅटरीची वायर सोडवून ठेवायची. अर्धा तास हे चालले होते. मी फाटकाशी उभा राहून घड्याळ पाहत होतो, कारण त्याच संध्याकाळी आम्ही एक जुनी मारुती बघायला जाणार होतो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर अण्णा आत आले आणि त्यांनी पिवळा फडका मोरीत धुवून दोरीवर वाळत घातला.

शोधाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात बराच वेळ बाकांवर बसून गेला. 'वाहन'च्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला तर काहीच निघाले नाही. एवढ्या जुन्या नोंदी पुष्कळदा संगणकावर चढवलेल्याच नसतात आणि त्या हाताने भरून घ्याव्या लागतात, असे एजंटाने सांगितले. अण्णांच्या ट्रंकेतल्या फायलीत १९९६ सालची विम्याची पॉलिसी मिळाली, तिच्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर होते. ही फार मोठी गोष्ट होती, कारण पाटी कुणीही बदलू शकतो. विक्रीच्या पावतीवर खरेदीदाराचा पत्ता होता. ड्रायव्हिंग स्कूल केव्हाच बंद पडले होते आणि त्या गाळ्यात झेरॉक्सचे दुकान होते. दुकानदार त्या गृहस्थांचा पुतण्या निघाला. त्याने एका मिस्त्रींकडे पाठवले, आणि त्या मिस्त्रींना गाडी आठवत होती, कारण शिकवणाऱ्यासाठी बसवलेली तिची दुहेरी पेडले त्यांनीच काढली होती. ती कोरेगावच्या बाजूला एका गुरुजींनी २००४ मध्ये नेली, असे त्यांनी सांगितले. "गुरुजी आता नाहीत. गाडी असेल. असली तर घराच्या मागं असेल."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी निघालो. सोबत आमच्या भागातले एक म्हातारे मिस्त्री होते, ज्यांनी उभा जन्म फियाट टॅक्स्या दुरुस्त करण्यात घालवला. घर सापडले. मागच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, पत्र्याच्या पडवीत निम्मी आत आणि निम्मी बाहेर अशी ती उभी होती. पहिल्यांदा मला गाडी दिसलीच नाही, वाघ्या घेवडा दिसला. टपावर पोते अंथरून त्यावर तो वाळत घातलेला होता, त्या भागातला तो गुलाबीसर, लाल रेघांचा घेवडा. चारही टायर बसलेले, त्यामुळे गाडी गुडघे टेकल्यासारखी झालेली. पुढच्या काचेच्या रबरात शेवाळ आणि शेवाळातून उगवलेले बोटभर गवत. रंग पांढरा होता, तोही कुणीतरी ब्रशने दिल्यासारखा, आणि मला क्षणभर बरे वाटले की ही ती नव्हे. मग मिस्त्रींनी पुढचे दार उचलून धरून उघडले. डावे दार. ते उचलूनच उघडावे लागले. दाराच्या आतल्या कडेला, जिथे ब्रश पोहोचला नव्हता, तिथे बोटभर रुंदीची आकाशी पट्टी होती.

"मागलं दार उघडू नगा," गुरुजींच्या पत्नी, मावशी, पाठीमागून म्हणाल्या. "कोंबडी रवणाला बसलीय आत."

मी काचेला कपाळ लावून पाहिले. मागच्या सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये काथ्या, पेंढा आणि रेक्झिनचे तुकडे यांच्या खोलगटात एक तांबूस कोंबडी पिसे फुलवून बसली होती. तिने एक डोळा माझ्याकडे वळवला. जिथे ती बसली होती तिथे माझी आजी बसत असे. मावशींना मी हे सांगितले नाही. त्यांनी चहा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. गुरुजींनी गाडी शाळेत जायला म्हणून घेतली, पाच वर्षे वापरली, मग २००९ मध्ये ती घाटात बंद पडली ती ट्रॅक्टरने ओढून आणली. निवृत्त झालो की निवांतपणे नीट करतो, असे गुरुजी म्हणत. निवृत्त झाल्यावर दीड वर्षात ते गेले. भंगारवाले चारदा येऊन गेले. "दिली न्हाई. त्यांनी कापड घालून ठिवली हुती ना. कापड उंदरांनी खाल्लं, म्हणून काय द्यायची व्हय?"

डॅशबोर्डच्या कप्प्यात वहीचे एक घडी घातलेले पान होते, कडा कुरतडलेले. निळ्या शाईत, फळ्यावर लिहिणाऱ्या हाताचे वळणदार अक्षर. एक, वॉटर पंप. दोन, चारही चाकांचे ब्रेकचे रबर. तीन, सायलेन्सरची मागची नळी. चार, सीट. पाच, रंग, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पहिल्या कलमापुढे बरोबरची खूण केलेली होती. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरी जागेवर नव्हती, ती केव्हाच कुणी नेली असणार. पण तिच्या दोन्ही वायरींची टोके प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. आठ दिवसांहून जास्त उभी ठेवायची असली तर. अण्णांनी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना सांगितलेले वाक्य सात वर्षांनी गुरुजींपर्यंत पोहोचले होते, की गुरुजी स्वतःच तसे होते, हे आता कळायला मार्ग नाही. मला पहिली शक्यता आवडते.

मिस्त्रींना असल्या गोष्टींत रस नव्हता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पत्र्यावर जागोजागी ठोकत गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट आणि टप टणटण वाजले, मडगार्ड भद्द वाजले. भद्द म्हणजे खाली पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग दाराखालच्या पट्टीवर त्यांनी टोक टेकवले आणि जरासा जोर दिला, तसा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि तांबडा भुगा खाली सांडला. पट्टी सडली म्हणजे दोन्ही बाजूंनी कापून नवी घालायची, आणि कापण्याआधी आतून टेकू द्यायचे, नाहीतर गाडी मधे बसते आणि दारे कधीच लागत नाहीत. डाव्या बाजूच्या फ्लोअरला दुहेरी पेडलांची भोके बुजवलेली दोन ठिगळे होती, तेवढाच पत्रा मजबूत. इंजिन जाम होते. क्रँकच्या पुलीचा नट पान्यात धरून त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला आणि लगेच सोडून दिला. "जबरदस्ती केली तर रिंगा तुटतील," असे म्हणून त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडले आणि प्लग परत लावले. दोन-तीन आठवडे तसेच राहू द्यायचे, मग पाहायचे. टाकीचे झाकण काढल्यावर पेट्रोलचा वास आलाच नाही, जुन्या वॉर्निशाचा आला.

चेसिस नंबर इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला असतो. तिथे गंजाचा थर होता. मिस्त्रींनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासली, फडक्याने कोरडी केली, आणि मी तिच्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी करून हळूहळू फिरवू लागलो, आर.टी.ओ.त द्यायला छाप घेतात तशी. करड्या रंगातून पांढरे आकडे एकेक करून वर यायला लागले. मी पॉलिसी खिशात ठेवली होती, पण ती काढायची गरज पडली नाही. प्रवासात ते आकडे पाठ झाले होते. शेवटचा आकडा जुळेपर्यंत मी श्वास धरला होता की काय, कोण जाणे, पण मिस्त्री म्हणाले, "बसा जरा." इंजिनाचा नंबर मात्र जुळला नाही. ते कधीतरी बदललेले होते, बहुधा एखाद्या टॅक्सीचे.

परत येताना बोगद्याच्या अलीकडे आम्ही थांबलो, तेव्हा मिस्त्रींनी हिशेब मांडला. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे उलटून गेली. ती बंद झाल्यावरही बरीच वर्षे टॅक्स्या रस्त्यावर होत्या म्हणून सुटे भाग मिळत होते, पण मुंबईतल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तो झरा आटला. आता जे आहे ते कुर्ल्याच्या भंगारात आणि शौकिनांच्या माळ्यांवर. "पट्ट्या नव्या, फ्लोअर नवा, वायरिंग नवी, काचा दुसऱ्या गाडीच्या. इंजिन तर आधीच दुसऱ्याचं. मग जुनं काय राहणार हो साहेब?" त्यांनी विचारले, आणि स्वतःच उत्तर दिले, "नंबर."

नंबराचीसुद्धा खात्री नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो, नवी नोंदणी करावी लागली तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. आमच्या गाडीला मार्च २०२८ मध्ये पन्नास पूर्ण होतील. तोवर तिची जुनी नोंद कुठल्या तरी रजिस्टरात सापडायला हवी, गुरुजींच्या नावाने किंवा निदान ड्रायव्हिंग स्कूलच्या नावाने. आणि त्याआधी मावशींचा मुलगा हो म्हणायला हवा. तो पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीला गावी येणार आहे. त्याच्याशी बोलल्याशिवाय मावशी पैशांचा आकडाही ऐकून घ्यायला तयार नव्हत्या. निघताना मी गुरुजींच्या यादीचा फोटो काढू का विचारले. त्यांनी ते पान माझ्या हातातून घेतले, नीट घडी केली आणि पुन्हा कप्प्यात ठेवून दिले. "हितंच असू द्या. गाडीबरूबर येईल."

त्या रात्री मी अण्णांना फोटो दाखवले. काय अपेक्षा होती ते मलाही सांगता येत नाही. डोळ्यांत पाणी वगैरे नको होते, पण काहीतरी हवे होते. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "कुणाची रे ही गाडी?" मी सांगितले. त्यांनी पुन्हा पाहिले. "नीट ठेवायला हवी होती," ते म्हणाले, एखाद्या परक्या माणसाच्या बेफिकिरीबद्दल बोलावे तसे. पेन्सिलीच्या छापाचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मी म्हटले, अण्णा, आपल्या फियाटचा नंबर काय होता? त्यांनी माझ्याकडे पाहिले, विचार केला, आणि त्यांना तो आठवला नाही. मग मी पुढचा फोटो सरकवला, तो मागच्या सीटचा होता.

"अरे, कोंबडी बसली आहे की आत."

त्यांचा चेहरा उजळला. किती अंडी आहेत, किती दिवस झाले बसून, दाणापाणी कोण देते, मांजराचा वावर आहे का, असे चार प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. अंडी नऊ आहेत हे मला मावशींनी सांगितले होते. "एकवीस दिवस तिला हलवायचे नाही," त्यांनी बजावले. "गाडीलाही हात लावायचा नाही." मी बरे म्हटले. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या वेळी ते विचारतात, की निघाली का पिल्ले. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. परवा मी मावशींना फोन केला, मुलगा कधी येणार हे विचारायला. त्या म्हणाल्या वसुबारसेला, आणि मग आपणहून म्हणाल्या की कोंबडी ठीक आहे, मांजर येऊ नये म्हणून पुढची काच दोरीने बांधून घेतली आहे. ती तिकोनी काच असणार.

प्लगांच्या भोकांत ऑइल मुरते आहे. आज पंधरावा दिवस.